सिमेंटचा गोल

पोलो ग्राउंडवर चुन्याचा गोल मीच आखायचो,
खुंटी नि सुतळी घेऊन, पहाटे साडेपाचला.
तुळाजीमामा मातीत पाय रोवून गरकन फिरायचा,
थाळी सुटली की मी धावायचो आणायला.
साठ पावलं. माझी.

मग तो आशियाच्या स्पर्धेला गेला.
रेल्वेची रजा बिनपगारी,
बूट दांडिया बाजारात शिवलेले.
इथल्या गुजराती पेपरात नाव आलं, शेवटून दुसरं,
घाटगेचं घाटके झालेलं.

आईने विचारलं, काय झालं रे?
गोल सिमेंटचा होता, ताई. बँकेच्या फरशीसारखा.
पहिली थाळी जाळीत. दुसऱ्या वेळी पाय कडेवर.
तिसरी पडली नीट,
पण ती मी घाबरून फेकली.
आणि दोनदा आमटी मागून घेतली.

त्याच महिन्यात, रात्रपाळीचा डबा द्यायला
प्रतापनगरच्या वर्कशॉपात गेलो.
दोन इंजिनांमधल्या सिमेंटवर खडूचा गोल,
मामा आत, बूट काढून, मोज्यांवर,
दीड फेरी घेत होता. हात रिकामा.
थांबला, तळवा विजारीला पुसला, पुन्हा उभा राहिला.

मी डबा खाली ठेवला
आणि पावलं मोजत गेलो
शेडच्या पार त्या टोकाला.