माहिती अपुरी

चिखलदऱ्याच्या उतारावरचा गुलाब मी आधी पाहिला.
बंद बंगल्याच्या कुंपणावरून उडी मारून
कधीचा रानात शिरलेला,
घाणेरीच्या खांद्यावर हात टाकून उभा.
पांढरा, पाच पाकळ्यांचा, वास असा
की ड्रायव्हर बेठेकरही गाडी बंद करून उतरला.
याचे सगेसोयरे हिमालयात
डोंगरच्या डोंगर अडवून बसलेत.
फॉर्मवर खूण केली: चिंता नको.
पेन सरसर चाललं.

दुसरा गुलाब पुस्तकात सहा ओळी खाली.
मला दहा तास लागले.
अर्जुनीच्या अलीकडे, जुन्या तलावात,
तुडुमापासून चाळीस पावलांवर
तोही पांढरा. पाकळ्या पाचच.
पण कळीला लव, काटे सरळ,
आणि पाय पाण्यात.

गुलाबाला साचलेलं पाणी सोसत नाही,
असं मीच दरवर्षी
बीएस्सीच्या पहिल्या वर्गाला सांगते.

भागरता वलथरे डोंगा थांबवून बघत होती.
"त्याचा कायले फोटू काढता बाई?
जाळं फाडते मेलं."
किती झुडपं आहेत?
"सात.
पयले या काठापासून त्या काठापर्यंत होते.
मंग मशीन आली, गाळ काढला, काठ खरवडला.
आंघोळीच्या दगडापाशी दोन, सलंगाकडे चार,
अन् हे."
फुलतं कधी?
"शिमग्याच्या मागंपुढं."
फळ कोण खातं?
"पानकोंबड्या. अन् माही नात."
तुम्ही तोडत नाही?
"तोडतो ना. बुडापासून नाही तोडत.
बुडाशी झिंगे राहते."

रकाना नऊ: धोक्याची पातळी.
अतिसंकटग्रस्त लिहायचं तर आकडे हवेत,
दहा वर्षांचे, तीन पिढ्यांचे,
कुणीतरी सही केलेले.
सात हा आकडा आहे,
पण तो भागरताचा.
पेन उठेना. झटकलं. कागदावर शिंतोडा उडाला.
शिंतोड्याच्या बाजूला लिहिलं:
माहिती अपुरी.

मग नमुना म्हणून फांदी कापली, फुलासकट,
आणि पेपरात दाबली,
वधू पाहिजे आणि धानाचे भाव
यांच्या मधोमध.

डोंगा तोवर पार कमळांपर्यंत गेलेला.
तिथून ती ओरडली,
"ओ बाई, लिवून घ्या!
आता साडेसहा."