हातखंब्यापर्यंत

ट्रेलर काही आमच्या गेटातून येईना.
कमानीवर पत्र्याची अक्षरं, ‘सागरलहर गृहसंकुल’
(समुद्र इथून दोन कोस, गच्चीवरूनही दिसत नाही).
कमान दहा फूट, ट्रेलर चौदा.
पावसकर सेक्रेटरी टेप घेऊन आले, मोजलं,
म्हणाले, ठरावाशिवाय कमान काढता येत नाही.
काढा असं म्हणालं कोण?

होडेकरांचा अश्फाक म्हणाला, बाई,
हातखंब्याला आणून द्या, तिथं चढवू.

भंगारवाला गाडीचे अठ्ठावीस हजार देत होता.
बिकानेरपर्यंतचं भाडं एकतीस.
हे गणित मी ऋजुताला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.
ती तिकडे उंटांची डॉक्टर.
म्हणाली, आई, तुला वजाबाकी येते, मला माहितेय.
पाठव.

अश्फाकने फॉर्म काढला.
त्यावर गाडीचं चित्र, चारी बाजूंनी उलगडलेलं,
खारवायला चिरून ठेवलेल्या बांगड्यासारखं.
ओरखडा असेल तिथं फुली.
डावं दार, फुली. मांडवीवरची शहाळ्यांची हातगाडी.
मागचा बंपर, फुली, फुली, फुली.
सेहेचाळिसाव्या वर्षी मी रिव्हर्स शिकले,
त्याची नोंद पाण्याच्या टाकीवरही आहे.
चाकांवरचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने कुरतडलेला,
तिथं त्याचं पेन थांबलं.
इथं फुल्या मारत बसलो तर पान पुरायचं नाही, म्हणाला,
आणि खाली लिहिलं: ‘किनाऱ्याची गाडी’.
त्यावर माझी सही.

आत सामान नाही ना काही? कंपनीचा नियम आहे.
नाही, म्हटलं.
स्टेपनीखाली, तीन पिशव्यांत,
वरून जुन्या परकराच्या कापडात बांधून,
दीड किलो सोडे होते,
मिरकरवाड्याच्या जैबूनकडचे.
खोटं बोलताना मी अश्फाककडे नाही,
टायरकडे पाहिलं.

कुवारबाव ते हातखंबा, एरवी वीस मिनिटं.
पण चौपदरी अजून व्हायचीच आहे,
डायव्हर्शनमागून डायव्हर्शन, तांबडी धूळ,
वायपर मारला तर काचेवर कुंकवाचा अर्धा चंद्र.
मला चाळीस मिनिटं लागली.
मी तक्रार केली नाही.

ड्रायव्हर लादूराम. त्याने हात पुढे केला, चावी.
मी चढवू का, असं विचारायचं होतं, विचारलं नाही.
लोखंडाच्या दोन फळ्या, त्यावर आमची आठशे,
मागून ओरडले, दुसरा गिअर जरा डावीकडे ढकलून!
त्याला कुठलं ऐकू येतंय.
गिअरबॉक्स किंचाळला.
मग खिडकीतून डोकं बाहेर काढून
त्याने नुसता पंजा हलवला: कसा?
आणि मी, भर तिठ्यावर,
वडापची वाट बघणाऱ्या पंधराएक माणसांदेखत
हवेत हात धरून दाखवला.
डावीकडे. थोडं दाबून. आता मागे.
गाडी चढली.
दोन नव्या कोऱ्या पांढऱ्या गाड्यांच्या मध्ये,
त्यांच्या सीटांवर अजून प्लास्टिक होतं.

पाचव्या दिवशी उदयपूरहून लादूराम.
माताजी, डिक्की में कुछ मर गया है क्या?
मेलंय खरं, मी म्हटलं, पण गेल्या मे महिन्यात.
माझं मराठी त्याला कळलं नसावं.
नाहीतर चांगलंच कळलं असावं,
कारण पोचले तेव्हा पिशव्या दोनच होत्या.

नवव्या दिवशी ऋजुताचा फोन. बोलेचना.
मग तिकडून रिव्हर्सची ती भिकार धून वाजली,
एका सुरात बिघडलेली, पूर्ण.
आई, दुसरा गिअर अजून तसाच?
तसाच.

काल पावसकर आले. पार्किंग नंबर चौदा,
रिकामंच आहे तर बी विंगच्या सावंतांना देऊ म्हणतात.
फरशीवर तेलाचा डाग आहे, परातीएवढा.
मी म्हटलं, ठराव करा.