अर्धं पोतं

गाडी डावीकडे ओढायची.
फार नाही. स्टिअरिंग सैल सोडलं तर
मी तीन म्हणेपर्यंत कुंपणाशी सलगी करायला निघालेली.

हिरवी, दोन सीटची, माझ्या कमरेएवढी उंच,
एक्कावन्नाव्या वर्षी घेतलेली;
सोलापूरच्या मावशीला मी अजून
"छोटी गाडी आहे गं" एवढंच सांगितलंय.

ॲबरगवेनीतल्या तिघा टायरवाल्यांनी
तीन यंत्रांवर चढवून तीन कागद दिले.
कागदावर सगळे आकडे हिरवे.
कागद शेजारच्या सीटवर टाकून मी निघाले
तर गाडी आपली, हिरव्या आकड्यांसकट,
डावीकडे.

वॉर्डातली सिस्टर ग्वेनो म्हणाली,
टालगार्थला एमलिन प्रॉसर आहे.
फोन उचलत नाही. सरळ जा.
(सरळच तर जाता येत नव्हतं.)

मेंढ्यांच्या औषधांच्या दुकानामागे शेड.
यंत्र नाही. चार लोखंडी तिवया,
मासे धरायची दोरी, पोलादी पट्टी,
ग्रीस चोपडून एकीवर एक ठेवलेल्या फरशा.
माझे तिन्ही कागद त्याने वाचले, घडी घातली
आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले.

"वजन?"
मी गाडीचं सांगितलं.
"तुमचं."

मी किलोत सांगितलं, दोन कमी करून.
त्याला स्टोनमध्ये हवं होतं.
इथली म्हातारी माणसं स्वतःला अजून दगडांत मोजतात.
दहा दगड, म्हटलं, आणि वर थोडं.
गुरांच्या बाजारात मुरलेल्या डोळ्यांनी
त्याने मला एकदा नीट पाहिलं,
सीटवर वाळूची पोती रचली
आणि वर एक वीट ठेवली.

मग मी दारात उभी,
आणि आत मीच बसलेली, वाळूची,
मान नाही, मत नाही,
गाडी माझ्या भाराने उजवीकडे जराशी दबलेली.
हे कोणत्याच यंत्राने विचारलं नव्हतं.

दोन्ही अंगांना दोरी ताणून
तो रिमपासून दोरीपर्यंत मोजत होता,
पुढे एकदा, मागे एकदा,
आकडे खडूने थेट टायरवर.
"मागच्या चाकांची बोटं किंचित आत हवीत,
नाहीतर वळणावर शेपूट पळते."

माझीही वळायची आत.
चौथ्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं,
डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात, सहा महिने.
बालवाडीत मुलं म्हणायची, हिला बूटसुद्धा कळत नाहीत.
कळत होते.
हे मी एमलिनला सांगितलं नाही.
त्याच्या तोंडात तेव्हा तीन पातळ चकत्या होत्या,
कुठली कुठे घालायची या विचारात.

दुपारी चहा झाल्यावर त्याने विचारलं,
"शेजारी कोण बसतं?"

साधा प्रश्न. त्याला भार हवा होता.
मी म्हटलं, असं काही ठरलेलं नाही.
कधी कुणी असतं.
त्याने टोपी मागे सारली, बराच वेळ
त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं,
मग एक पोतं सोडून निम्मी वाळू बादलीत ओतली,
उरलेलं बांधून तिथे ठेवलं,
आणि घसरू नये म्हणून पट्टा लावला.

सगळे बोल्ट पुन्हा सैल. पुन्हा दोरी.

निघताना म्हणाला,
रस्ता मध्ये फुगीर असतो, पाणी कडेला जावं म्हणून.
तिथे थोडी डावीकडे जाईल.
तो दोष रस्त्याचा. माझ्याकडे परत आणू नका.

खिंड उतरताना मी हात सोडले.
तीन. चार. सहा.
नवाला मला भीती वाटली, गाडीला नाही.

क्रिकहॉवेलच्या अलीकडे रस्त्याचं काम,
तात्पुरता लाल दिवा. थांबले.
डावीकडे पाहिलं तर ते अर्धं पोतं,
पट्टा लावून, समोर बघत बसलेलं.
एमलिन काढायला विसरला होता.

फोन तो उचलत नाहीच.
आज अकरा महिने झाले.