नवव्या खांबाशी

नगरपालिकेचा कागद म्हणतो:
रुंदी साडेसहा मीटर, लांबी एकशे दहा,
वाहनांना बंदी.
वर छत. साहित्य पॉलिकार्बोनेट,
रंग निळा किंवा तत्सम.

मडगावात सकाळी साडेसातला पोचते मी,
मे महिना, खांद्यावर टेप.
संगणकावर सूर्य आधीच फिरवून पाहिलाय,
एकवीस मार्च, एकवीस जून,
डिसेंबर मागाहून करू म्हटलं.
पडद्यावर सावल्या करड्या होत्या, वजन नसलेल्या.
इथल्या सावलीला सुक्या बांगड्याचा वास आहे
आणि तिच्यात बसायला भांडण.

पिएदाद सोलं विकते.
साडेआठला सूप उन्हात, ती सावलीत.
नऊला ती वीतभर सरकते. सूप तिथंच.
दहाला सूप तिच्यामागे येतं
आणि दोघं बेकरीच्या भिंतीला टेकतात.
मी खडूनं खुणा करत जाते,
दुपारपर्यंत एकोणीस.

"कितें करता गो तूं?"
छत, मी सांगते. सगळ्या गल्लीवर.
ती वर बघते,
तिला न विचारता कुणी तिथं
काही वाळत घातल्यासारखी.
"आनी म्हजें वत?"

माझं ऊन, असं म्हणणारं माणूस
मला अजून भेटलं नव्हतं.

रात्री कागदावर चौकट आखताना
वडील आठवले, स्टुलावर चढलेले,
माटोळीला कुमयाच्या दोरीनं
कांगलां, माट्टुती, घागऱ्या बांधणारे.
दोन फळांमध्ये हात जाईल एवढं अंतर ठेवायचे.
छप्पर नव्हतंच ते, नुसत्या पट्ट्या,
तरी गणपती तिच्याखाली बसलाय
असंच आम्ही म्हणायचो.

मग दक्षिणेला पट्ट्या एकावर एक, कौलांसारख्या.
पाणी खांबांच्या पोटातून खाली,
ही युक्ती कायतान वेल्डरची.
उत्तरेला, नवव्या खांबाशी,
दीड मीटरची फट.

मुख्याधिकाऱ्यांनी पेन टेकवलं.
"इथं पत्रा विसरलात?"
नाही, हिशेबात आहे.
कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.

सही झाली त्याच संध्याकाळी
नकाशा उलगडून पिएदादला दाखवला.
हे तुझं, म्हटलं.
तिनं बोट ठेवलं, मान हलवली,
मग बोट गल्ली ओलांडून समोर नेलं.
"दिवाळे उपरांत मिरसांगो आसतात.
तेन्ना वत पलतडीं."

बेकरीवाल्यानं दिवा लावला.
मी पर्समध्ये खोडरबर शोधू लागले.