करंगळी

प्रवेशपत्रावर माझं नाव रेवती पिंगले.
घरी, आणि आबांनी दारावर ठोकलेल्या पाटीवर, पिंगळे.
दोन्ही मीच आहे असं लिहून देणारं शपथपत्र
पन्नासच्या स्टॅम्पावर, पर्समध्ये,
डब्यातल्या तेलानं एका कोपऱ्यात पारदर्शक झालेलं.

केंद्र गोला का मंदिराच्याही पलीकडे, एका कॉलेजात.
चाळीस संगणक, चाळीस पाठी.
सूचना देणारे सर म्हणाले, बैकस्पेस नहीं चलेगा,
जो हो गया सो हो गया.
माझ्या डावीकडे मुरैन्याचा पोरगा, तळहातांना पावडर लावून.
उजवीकडे एक बाई बांगड्या काढून रुमालात बांधत होती.
मीही काढल्या.

डावा हात स्वरांचा, उजवा व्यंजनांचा,
हे शुक्लासरांनी दौलतगंजात, दुकानाच्या वरच्या खोलीत,
आठ महिने घोटून घेतलं.
काना, मात्रा, वेलांटी इकडे,
प र क त तिकडे,
दोघं भेटले की शब्द.
मला ते लग्नासारखं वाटायचं. सरांना सांगितलं नाही.

उतारा उघडला.
चंबल की रेत पर घड़ियाल धूप सेंकते हैं।

पाच मिनिटं. कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते.
मी वाचत नव्हते, खरं सांगते,
शब्द डोळ्यांतून सरळ बोटांत उतरत होते,
लाह्या फुटाव्यात तसा सगळ्या खोलीचा आवाज
आणि त्यात माझ्या दहा बोटांचा मला वेगळा ऐकू येत होता.

ल ला एक बोट पुरतं. उजवी तर्जनी, जरा खाली.
ळ ला डावी करंगळीही लागते, शिफ्ट धरायला.
ख, थ, श ला ती जाते, त्याबद्दल तक्रार नाही.
पण ल ला कुणी बोलावलं नव्हतं.
ती गेली.

निकाल तिथेच, पडद्यावर.
वेग चौतीस. पुरून उरेल इतका.
चुका लाल रंगात:
चंबळ. चंबळ. निर्मळ जळ. चंबळ.
नऊ वेळा नदी,
आणि तिच्या वाळूवर ऊन खात पडलेली
चार घड्याळं.

अचूकता एक्क्याण्णव. हवी पंच्याण्णव.

सर वाकून बघत राहिले.
ये कौन सा अक्षर है, मैडम?
मी म्हटलं, सर, हमारे यहाँ होता है.
हमारे यहाँ म्हणजे कुठे, हे त्यांनी विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगणार होते,
जन्म इथला, शाळा लष्करातली,
महाराष्ट्र एकदाच पाहिला, आतेबहिणीच्या लग्नात, नाशिकला,
आणि तिथे सगळ्या म्हणाल्या, किती हिंदी बोलतेस गं.

मुरैन्याचा पोरगा पास झाला. पायऱ्यांवर भेटला,
दीदी, अगली बार हो जाएगा.
नदी त्याच्याच गावाजवळून वाहते.
त्यानं ती एकदाही चुकवली नाही.

पुढची परीक्षा फेब्रुवारीत. वय बसतं अजून, काठावर.
रोज संध्याकाळी पानभर ल.
लाल, कल, नल, गली, मूल निवास.
मूल म्हणजे लेकरू नव्हे, मूळ, हेही लक्षात ठेवायचं.
आणि त्या एका पानापुरती
करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधायची,
म्हणजे उठणार नाही.

आई मेथी निवडत होती. चष्म्यावरून पाहिलं तिनं.
कापलं का गं?
नाही, म्हटलं. जास्त बोलते ती.
आईला हल्ली ऐकू कमी येतं.
ती हळद आणायला उठली.