ब्रेक जर्नी

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागद तपासले.
भुसावळ ते इटारसी, भुसावळ ते मनमाड,
काळा कोट, खिशात पावतीपुस्तक
आणि तोंडात एकच वाक्य : नाव जुळत नाही.

आता माझं जुळत नाही.
पासपोर्टवर पाटील, शाळेच्या दाखल्यावर झोपे,
पेन्शनच्या पुस्तकात दोन्ही, मधे तिरपी रेघ.
आमच्याकडे असंच असतं, मी सांगतो,
अर्धं यावल पाटील, अर्धं रावेर पाटील,
उंबऱ्याच्या आत जो तो आपापल्या आडनावाचा.
पुण्याच्या व्हिसा केंद्रातली मुलगी नम्रपणे हसते.
तो नम्रपणा मी ओळखतो.
दंडाची पावती फाडण्याआधी मीच वापरायचो.

तेजल आइंडहोवनला. सातवा महिना.
तिचं निमंत्रण, त्यावर तिथल्या नगरपालिकेचा शिक्का,
बँकेचे सहा महिने, विमा,
घराचा उतारा, म्हणजे आम्ही परत येऊ याला घर जामीन,
आणि जाण्याआधीच परतीचं तिकीट.

कोकिळेची बोटं मशीन घेईना.
चारदा पुसली, पाचव्यांदा दाबली,
काचेवर नुसता धुरकट डाग.
काय काम करता, काकू?
बिबडे, ती म्हणाली.
दर उन्हाळ्यात दोन पायल्या ज्वारीचे,
ओल्या फडक्यावर, गरम असतानाच थापायचे.
मुलगी म्हणाली, आता डावा हात द्या.

नियम मी पाठ केला, जुन्या खोडीनं.
कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वद.
कोणत्याही, म्हणजे रोज सकाळी उठून
पाठीमागे वळून मोजायचं.
जास्त राहायचं तर व्हिसा वेगळा,
त्याच्या रकान्यांत नवरा आहे, बायको आहे,
अठराच्या आतलं मूल आहे.
आई नाही. आजी तर नाहीच.

रेल्वेत बरं होतं.
तिकीट लांबचं असलं की वाटेत उतरता यायचं,
दोन दिवस, मास्तरची सही घेऊन.
कुणाचं लग्न, कुणाची माती,
उरकून लोक त्याच तिकिटावर पुढे जायचे.

कोकिळा सावद्याची, तिचा हिशेब केळीचा.
निसवल्यापासून घड कापायला नव्वद दिवस धरा,
थंडी असली तर शंभराच्या वर.
थंडीत केळ कुणाचं ऐकत नाही,
आणि तिकडे तर बर्फ.
"मंग मले सांगा, नव्वद दिवसांत ते लेकरू काय काय शिकीन?"
मान धरेल, मी म्हणालो. हसेल.
"बसीन?"
बसणार नाही.
ती कॅलेंडरवर बोट ठेवून कितीतरी वेळ गप्प.
बाळंतपणाला जावं तर त्याचं बसणं हुकतं,
बसण्यासाठी थांबावं
तर तेजलला शेक कोण देणार.

एका बाईला मी रावेरला उतरवलं होतं.
तिकीट तिथपर्यंतचंच, जायचं खंडव्याला, लेकीकडे.
नियम सांगितला. बरोबर सांगितला.
ती भांडली नाही. बोचकं डोक्यावर घेतलं
आणि खालून विचारलं, भाऊ, पुढची गाडी कधी?
मी वेळ सांगितली.
ती गाडी रावेरला थांबत नाही,
हे मला खंडव्यात आठवलं.

मंगळवारी पुन्हा बोलावलंय.
आज जळगावला, कोर्टासमोरच्या टपरीवर
शंभराच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून घेतलं :
पाटील आणि झोपे हे दोन्ही इसम एकच आहेत,
शपथेवर लिहून देतो, खोटं असल्यास शिक्षेस पात्र.
वकील म्हणाला, नीट वाचा, मग सही करा.
मी दोनदा वाचलं.

कोकिळा लिंबाखाली बसली होती,
कुणीतरी सांगितलं म्हणून
दहाही बोटांना खोबरेल चोळत.