मागचे ब्रेक

अकरा हजार चारशे किलोमीटर.
एवढ्यात मागचे पॅड संपले.
पुढचे अजून जाड, कोऱ्या चेकबुकासारखे.
मागचे मात्र
मोरीत उरलेल्या साबणाच्या चकतीएवढे.

शोरूममधला मुलगा म्हणाला,
मॅडम, तुमची चालवायची पद्धत.
त्याच्या टायवर कंपनीचं चिन्ह होतं
आणि डोळ्यांत माझं वय.
पद्धत हा शब्द मी घरी घेऊन आले,
ताटाशेजारी ठेवला, जेवले.

बत्तीस वर्षं बँकेत बसले मी,
दुसऱ्यांच्या नोटा मोजत.
मग एकदा स्वतःच्या मोजल्या
आणि भोपाळच्या एका डॉक्टरकडून ही घेतली.
दोन दारं, दोन सीटा, राखाडी,
जमिनीला पोट टेकून बसलेली.
सोसायटीत विचारलं लोकांनी,
शेवडेबाई, हिच्यात भाजी कुठं ठेवता?
बाजूच्या सीटवर. पट्टा लावून.

लसूडियात, ट्रकांच्या गल्लीत, गेंदालाल.
त्यानं चाक उतरवलं, कॅलिपर सोडला,
पिना दोन बोटांनी आतबाहेर केल्या. सरकत होत्या.
हँडब्रेकची केबल पाहिली. हवी तेवढी ढिली.
डिस्क फिरवली, कान लावला. कुठंच घासत नव्हती.
मग उकिडवा बसून राहिला,
चहावर साय धरेपर्यंत.

कुठं चालवता?
सिमरोळच्या पुढं, भेरूघाटात. पहाटे.
वळणावर पाय कुठं असतो?

मी खरं ते सांगितलं.

तो हसला नाही.
"मग तुम्ही नाही दाबत, दीदी. गाडी दाबते.
शेपूट सुटायला लागली की
मागचं आतलं चाक ती हळूच धरते, सोडते.
तुम्हाला कळत नाही.
पॅडला कळतं."

परतताना रिंग रोडवर रेडिओ लावला नाही.
घाटातल्या प्रत्येक वळणाची
मी मनात शाबासकी घेतली होती.
एकदा तर मोठ्यानं, एकटीच.
राग आला. कुणावर, ते ठरेना.

बँकेत प्रत्येक व्हाउचरवर दुसरी सही लागते.
पहिली काउंटरवरची, गिऱ्हाइकाला दिसणारी.
दुसरी आतल्या टेबलावरची, हिरव्या शाईतली,
चूक निघाली तरच जिची आठवण होते.
एकोणीस वर्षं ती सही माझी होती.
किती पोरांची खाती जुळवून दिली,
किती शून्यं त्यांच्या नकळत खोडली.
दिवाळीला ते एकमेकांना पेढे द्यायचे.
माझीही दुसरी सही कुणी करत असेल,
हे कधी डोक्यात आलं नाही.

पॅड इंदूरला मिळाले नाहीत.
पुण्याहून आले, नऊ दिवसांनी,
आणि किंमत मी भावाला अर्धीच सांगितली.

डॅशवर एक बटण आहे,
त्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र.
गेंदालाल म्हणाला होता, रस्ता रिकामा असेल तेव्हा
एकदा बंद करून बघा. एकदाच.
केलं.
पिवळा दिवा लागला.
तिसऱ्या वळणावर मागून काहीतरी सरकलं,
मांडीवरची फाईल सरकावी तसं,
आणि धरायला कुणी नव्हतं.
पाय आपोआप उचलला गेला. तोंड कोरडं.
पुढच्या वळणाआधी, रस्ता सरळ असतानाच,
मी ब्रेक लावला.
त्याच्या पुढच्या वळणाआधीही.
हळू, जवळजवळ भाजीवाल्यांच्या टेंपोइतकी हळू,
आणि तरी त्यातलं एक वळण
इतकं स्वच्छ निघालं
की शाबासकी द्यायची राहूनच गेली.

चोरलला थांबले.
उलट्या हातानं चारही चाकं पाहिली,
ताप बघतात तशी.
पुढची दोन गरम. मागची कोमट.

बटण पुन्हा दाबलं.
दिवा विझला,
म्हणजे ती जागी झाली.

जुन्या पॅडांपैकी एक मी मागून घेतला.
विजेच्या बिलावर ठेवते.
पंखा पाचवर असला तरी
कागद हलत नाही.